स्मरणरंजन आणि गतकातरता : सातपुड्यातील दोन बालपणे

१

इंग्रजी 'नॉस्टॅल्जिया' या संज्ञेसाठी मराठी समीक्षेत 'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता' असे दोन शब्द रूढ आहेत. बहुतेक लेखनात ते परस्परांचे पर्याय म्हणून वापरले जातात. एकाच लेखात, कित्येकदा एकाच परिच्छेदात, पुनरुक्ती टाळण्यापुरते ते आलटूनपालटून येतात. तथापि या दोन शब्दांतील अर्थभेद दुर्लक्षिण्याजोगा नाही. 'स्मरणरंजना'त स्मरण हे साधन आणि रंजन हे साध्य आहे. स्मरण करणारा सुखरूप असतो आणि गतकाळाकडे तो सुरक्षित अंतरावरून पाहतो. 'गतकातरते'त असे अंतर गृहीत धरलेले नाही. जे गेले त्यावाचून आजचे जगणेच उणे झाले आहे, ही जाणीव त्या शब्दात आहे. पहिल्यात आस्वाद आहे, दुसऱ्यात व्याधी आहे.

मूळ संज्ञेचा जन्म व्याधीच्या क्षेत्रातच झाला. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने सादर केलेल्या प्रबंधात हा शब्द प्रथम घडवला गेला. 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना, अशा दोन ग्रीक पदांपासून तो सिद्ध झाला. परमुलखात राहणाऱ्या स्विस माणसांना जडणाऱ्या घरओढीच्या आजाराचे ते नाव होते, आणि रोग्याला घरी परत पाठवणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय मानला जात होता. म्हणजे या रोगाचा विषय आरंभी स्थळ हा होता. गाव, डोंगर, उंबरा यांपासून दूर पडल्याची ती वेदना होती. पुढील दोन शतकांत स्थळाची जागा काळाने घेतली. घर सोडून आलेल्या माणसाची ओढ मागे पडली आणि बालपण सोडून आलेल्या माणसाची ओढ पुढे आली. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या विषयावरील ग्रंथात स्थळाकडून काळाकडे झालेल्या या स्थित्यंतराचा सविस्तर विचार केला आहे. घर निदान नकाशावर असते; काळाकडे परत पाठवण्याची सोय कोणत्याही वैद्याकडे नाही. त्यामुळे रोगाचे रूपांतर हळूहळू छंदात, आणि छंदाचे व्यापारात झाले.

प्रस्तुत विवेचनाचा हेतू असा, की स्थळाची वेदना आणि काळाचे रंजन यांतील हे अंतर एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे तपासावे. उदाहरण वरकरणी क्षुल्लक वाटेल असे, लहान मुलांच्या एका चित्रमालिकेचे आहे. पण ज्या डोंगररांगेत त्या मालिकेची कथा घडते, तिच्याच पश्चिम टोकाला आजचा नंदुरबार जिल्हा आहे. आणि ज्या वर्षी ती मालिका भारतीय घरांत पोहोचली, त्याच वर्षी त्या डोंगररांगेत दुसरेही काही घडत होते.

२

बालपणीच्या अद्भुतरम्य चित्रमालिकेविषयीचे स्मरणरंजन कसे घडते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. सारीपाटाप्रमाणे यात ठरलेली घरे आणि ठरलेला शेवट नाही. प्रत्येक खेळाडू योद्धा, चेटक्या, चोर अशी एकेक भूमिका घेतो, एकजण कथेचा सूत्रधार होतो, आणि फासे टाकत टाकत सर्वजण मिळून तोंडी कथा रचत जातात. या खेळावर आधारलेली चित्रमालिका १९८३ ते १९८५ या काळात सीबीएस या वाहिनीवर दाखवली गेली. तिचे एकूण सत्तावीस भाग झाले. मनोरंजन उद्यानातल्या रोलर कोस्टरमध्ये बसलेली सहा मुले एकाएकी अद्भुत जगात जाऊन पडतात आणि प्रत्येक भागात घरी परतण्याची वाट शोधतात, हे तिचे आशयसूत्र.

या मालिकेतील मुले घरी कधीच पोहोचली नाहीत. समारोपाच्या भागाची संहिता मायकेल रीव्ह्ज यांनी लिहिली होती, परंतु मालिका त्यापूर्वीच थांबल्यामुळे तो भाग चित्रित झाला नाही. प्रेक्षक मुले मोठी झाली, पडद्यावरील मुले मात्र वाटेतच राहिली. 'नोस्तोस' म्हणजे परतणे हेच जिथे कथेचे बीज आहे आणि तेच अपूर्ण राहिले आहे, अशा मालिकेविषयी पुढे चार दशके ओढ टिकून राहावी यात नवल नाही. ब्राझीलमध्ये ही मालिका विलक्षण लोकप्रिय होती. २०१९ साली तेथे एका मोटार कंपनीने आपल्या जाहिरातीत हीच सहा पात्रे हाडामांसाच्या नटांकरवी उभी केली आणि त्यांना घराच्या वाटेला लावले. २०२३ सालच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' चित्रपटातही ती पात्रे क्षणभर दिसून जातात. कथाकाराला जे पूर्ण करता आले नाही ते जाहिरातदाराने पूर्ण केले, ही घटना स्मरणरंजनाच्या अर्थव्यवस्थेचे मर्म सांगणारी आहे. अपुरी राहिलेली ओढ हे या व्यापारातले भांडवल आहे, आणि ती ओढ जितकी निरुपद्रवी तितके ते भांडवल सुरक्षित.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. ही अमेरिकन बालकांची स्वप्नसृष्टी प्रत्यक्षात रेखाटली गेली जपानमध्ये, तोएई या चित्रसंस्थेत. ज्याला एखादी पिढी 'आपले' बालपण म्हणते त्याची घडण दूरवरच्या, अनोळखी हातांनी केलेली असते. मराठी बालपणाला हा अनुभव नवा नाही. १९५२ पासून मराठी घरांत येणारा 'चांदोबा' मद्रासेत तयार होत होता. त्यातील राजे, मांत्रिक, वेताळ आणि गोपुरे दक्षिणेच्या चित्रकारांनी रेखाटलेली असत, आणि तरीही दोन पिढ्यांनी त्यांना मराठी बालपणाची खूण मानले. परकेपण हा स्मरणरंजनातला अडथळा नव्हे. स्मरणाच्या ओघात ते विरघळून जाते. आणि नेमके ते विरघळते म्हणूनच समीक्षेने ते पुन्हा दृश्यमान करणे आवश्यक ठरते.

३

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वा त्यानंतर वाढलेल्या मराठी मुलांच्या स्मरणात असेच स्थान 'जंगल बुक' या मालिकेला आहे. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने १९८९-९० मध्ये बावन्न भागांची ही मालिका निर्माण केली आणि १९९३ साली ती दूरदर्शनवर हिंदीतून रविवारी सकाळी दाखवली जाऊ लागली. हिंदी रूपासाठी गुलजार यांनी शीर्षकगीत लिहिले, विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल दिली, आणि शेरखानला आवाज दिला नाना पाटेकर यांनी. जपानी रेखाटन, इंग्रजी कथाबीज, हिंदी गीत आणि मराठी नटाचा आवाज अशा चार स्तरांनी बनलेली ही संहिता आहे. ज्या मुलांच्या घरात अहिराणी, गुजरी वा भिली बोलली जात होती आणि शाळेत प्रमाण मराठी शिकवली जात होती, त्यांच्यापर्यंत ती पाचवा स्तर होऊन पोहोचली.

या मालिकेचे उत्तरायुष्यही बोलके आहे. २०१६ साली डिस्नेचा 'द जंगल बुक' हा चित्रपट भारतात आला तेव्हा हिंदी आवृत्तीच्या प्रसिद्धीसाठी तेच जुने शीर्षकगीत नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले आणि शेरखानचा आवाजही पुन्हा नाना पाटेकर यांचाच होता. चित्रपट मुलांसाठी होता. गीत आणि आवाज मात्र त्या मुलांच्या आईबापांसाठी होते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने मूळ मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा सत्तावीस वर्षांपूर्वीचा रविवार जणू जसाच्या तसा परत मिळाला. काळाकडे परतणे अशक्य असले तरी काळाच्या ध्वनिचित्रफितीकडे परतणे शक्य असते. स्मरणरंजन सुखद असते ते या सोयीमुळे.

या सुखाची एक अट मात्र सहसा उच्चारली जात नाही. स्मरणलेखात 'आपण सर्वांनी' असा कर्ता येतो: आपण सर्वांनी रविवारी सकाळी हे पाहिले, आपण सर्वांना ते गाणे पाठ आहे. हा 'सर्व' कोण, हा प्रश्न मुख्यतः प्रक्षेपणाचा, विजेचा आणि घरात संच असण्याचा आहे. १९८४ नंतर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांचे जाळे झपाट्याने वाढले आणि तालुक्याच्या गावांपर्यंत दूरदर्शन पोहोचले, हे खरे. परंतु तालुक्याच्या गावापासून डोंगरावरच्या पाड्यापर्यंतचे अंतर त्या जाळ्याने ओलांडले असे म्हणता येत नाही. जिल्ह्याच्या सपाटीवरील नंदुरबार, शहादा, तळोदा ही गावे आणि उत्तरेकडील धडगाव-अक्कलकुव्याचे डोंगर यांत वीजतारांनी आखलेली एक सीमा कैक वर्षे होती. नर्मदाकाठच्या पाड्यांत वीज नव्हती. धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे लोकांनी श्रमदानाने उभा केलेला छोटा जलविद्युत प्रकल्प २००३ साली सुरू झाला तेव्हा त्या गावात पहिल्यांदा दिवे लागले. म्हणजे 'पिढीचे बालपण' म्हणून जे सांगितले जाते ते प्रत्यक्षात एका प्रक्षेपणकक्षेचे बालपण आहे. पिढी हा शब्द काळ दाखवतो आणि स्थळ झाकतो.

४

या विशिष्ट मालिकेबाबत स्थळ झाकले जाणे अधिकच विलक्षण आहे, कारण तिची कथा सातपुड्यातलीच आहे. किपलिंगने मोगलीचे अरण्य मध्य प्रदेशातील सिवनीच्या टेकड्यांत वसवले. मोगलीच्या कथांत वाहणारी वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे भंडारा, गडचिरोलीतून वाहते. म्हणजे मोगलीची नदी ही महाराष्ट्राचीही नदी आहे. सिवनीचा हा डोंगराळ प्रदेश सातपुड्याच्या रांगांत मोडतो. त्याच रांगा पश्चिमेकडे अक्राणीचा महाल, तोरणमाळचे पठार आणि अक्कलकुव्याचे डोंगर होत राजपिपळ्यापर्यंत पोहोचतात.

किपलिंगने सिवनी पाहिलेले नव्हते, असे त्याचे अभ्यासक सांगतात. १८९४ आणि १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या या कथा त्याने मुख्यतः अमेरिकेत, व्हरमाँट येथे लिहिल्या; सिवनीचे तपशील रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८७७ सालच्या पुस्तकातून घेतले. एका न पाहिलेल्या अरण्याचे चित्र जपानी चित्रकारांनी पुन्हा रेखाटले आणि ते सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना परत मिळाले. त्या मुलांना उत्तरेच्या क्षितिजावर रोज दिसणारा डोंगर आणि पडद्यावरील अरण्य यांत काही नाते आहे, असे सुचवणारी कोणतीही खूण त्या चित्रात नव्हती. अरण्य ही एक अद्भुतरम्य जागा होती. डोंगर ही 'तिकडची' जागा होती.

किपलिंगच्या अरण्यात माणसे अगदीच नाहीत असे नव्हे. 'दुसऱ्या जंगल बुका'त मोगली ज्या कथेत गावावर अरण्य सोडतो, तिच्यात गोंडांचा एक नायक येतो. या भूमीचे मूळ धनी ज्यांचे पूर्वज होते, त्या जमातीचा तो माणूस, असे लेखकच त्याच्याविषयी सांगतो. तो संकेताने गावकऱ्यांना आता निघून जायला हवे हे सुचवतो आणि नाहीसा होतो. मूळ धन्याला कथेत एवढीच जागा आहे. मालिकेविषयीच्या स्मरणांत तर तीही उरत नाही. तेथे मोगली, बगीरा, बल्लू आणि शेरखान आहेत, म्हणजे एक निर्मनुष्य अरण्य आणि त्यात वाढणारे एक मूल. माणसांनी वसलेल्या डोंगराचे निर्मनुष्य अरण्यात असे रूपांतर होते तेव्हा त्या अरण्याविषयी कोणाचे काही देणे राहत नाही. अद्भुतरम्यतेची ही किंमत सहसा हिशेबात धरली जात नाही.

५

१९९३ हे मालिकेच्या आगमनाचे वर्ष. त्या वेळी नंदुरबार स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून झाला. त्याच १९९३ च्या पावसाळ्यात अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदाकाठच्या मणिबेली या गावात सरदार सरोवराचे पाणी शिरले. नर्मदा जलतंटा लवादाचा निर्णय १९७९ सालचा होता. धरणामुळे महाराष्ट्रातील तेहेतीस गावे बाधित होणार होती, आणि ती सर्व अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील आदिवासी गावे होती. मणिबेली हे त्यांत बुडिताला प्रथम तोंड देणारे गाव. त्यानंतर टप्प्याटप्प्याने भिंतीची उंची वाढत गेली, आणि २०१७ साली धरण पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. डोंगरातील कुटुंबे तळोदा तालुक्यातील सोमावल, रोझवा, शहादा तालुक्यातील वडछील अशा सपाटीवरील वसाहतींत आली. काही गुजरातेत गेली.

किपलिंगच्या कथेत मोगलीच्या आज्ञेने अरण्य गाव गिळते आणि पावसाळ्याअखेर नांगरलेल्या जमिनीवर रान माजते. नर्मदाखोऱ्यात गाव आणि अरण्य या दोहोंना पाण्याने गिळले. एकाच डोंगररांगेतील हे दोन नाश, एक कथेतला आणि एक इतिहासातला, शेजारी ठेवून पाहण्याची आठवण मराठी समीक्षेला फारशी झालेली नाही. दोन्ही बालकांसमोर एकाच काळी घडलेले आहेत. सपाटीवरच्या मुलाने पहिला पडद्यावर पाहिला, डोंगरातल्या मुलाने दुसरा उंबऱ्यातून पाहिला.

या दुसऱ्या बालपणाच्या स्मृतीला 'स्मरणरंजन' हा शब्द लावता येत नाही. तेथे होफरचा मूळ अर्थ अक्षरशः लागू होतो : ती स्थळाची वेदना आहे. शिवाय होफरने सांगितलेला उपायही तेथे खुंटला आहे, कारण ज्या उंबऱ्याकडे परत पाठवायचे तो पाण्याखाली आहे. हानी केवळ घरादाराची नाही. ती वाङ्मयाचीही आहे. नर्मदेच्या पलीकडच्या काठावरील भिलालांमध्ये 'गायणा' नावाची सृष्टिकथा गायली जाते. अमिता बाविस्कर यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचे वर्णन केले आहे. सृष्टीची उत्पत्ती आणि नर्मदेचा समुद्राकडे होणारा प्रवास तिच्यात येतो. अशा मौखिक वाङ्मयात स्थळ हे कथेचे नेपथ्य नसते. स्थळ हीच संहिता असते. नदीचे वळण, खडक, संगम हे कथेतील शब्द असतात, आणि ऐकणारे मूल ते शब्द रोज पायाखाली वाचत असते. ते बुडतात तेव्हा कथा गाणाऱ्याच्या तोंडी उरते, पण तिचे पान हरवते. मालिकेची फीत पुन्हा लावता येते. संगमाचे पुनःप्रक्षेपण होत नाही.

६

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. डोंगरातील बालपणाकडे केवळ नष्टतेच्या दृष्टीने पाहणे हाही स्मरणरंजनाचाच एक प्रकार नव्हे काय? सपाटीवरच्या वाचकाने हरवलेल्या आदिवासी जगाविषयी हळहळावे आणि त्या हळहळीचा आस्वाद घ्यावा, हा धोका खरा आहे. मोगलीचे अरण्य जसे निर्मनुष्य केले गेले, तसे आदिवासीचे जग भूतकालीन केले जाऊ शकते.

या आक्षेपाचे उत्तर त्याच डोंगरात मिळते. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीत बावा, बुध्या, मोरखी, धाणका डोको अशी रूपे घेतली जातात. ही रूपे घेणारे होळीआधीचे दिवस 'पालनी' पाळतात; अनवाणी राहणे, खाटेवर न झोपणे, ब्रह्मचर्य हे त्या व्रताचे नियम. अंगावर रंगाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा वा बांबूचा उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू अशा वेषात रात्रभर नाच होतो आणि पहाटे होळी पेटते. भूमिका घेऊन दुसऱ्या जगात प्रवेश करण्याची जी क्रिया विस्कॉन्सिनमधल्या खेळात फाशांच्या आधारे होते, ती येथे व्रताच्या आधारे होते. अर्थात दोहोंत मूलभूत अंतर आहे. खेळणाऱ्याला आपण खेळत आहोत हे ठाऊक असते. व्रतस्थाला ती कल्पित गोष्ट नाही. त्याहून महत्त्वाचे हे, की चित्रमालिका संपते आणि होळी दरवर्षी येते. जे पुन्हा येणार आहे त्याविषयी गतकातर होण्याचे कारण नसते. स्मरणरंजनासाठी वस्तू संपलेली असावी लागते. जी परंपरा चालू आहे तिच्याविषयी हळहळणे हे अज्ञान आहे, आणि जी खरोखर बुडाली तिचा आस्वाद घेणे हा अपराध आहे. दोहोंतील भेद करण्यासाठी डोंगरात काय चालू आहे आणि काय बुडाले याची तपशीलवार माहिती लागते. ती कोणत्याही सिद्धान्तातून मिळत नाही.

या प्रश्नाला मराठी कवितेत फार आधी वाचा फुटली आहे. शहादा परिसरातील श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या 'स्टेज' या कवितेचा विषयच असा आहे, की आदिवासींचे दुःख मंचावरून इतरजण आदिवासींनाच सांगत राहतात. स्मरणाच्या मंचालाही हे लागू पडते. पिढीच्या बालपणाचे वर्णन कोण करतो, त्यात कोणाचा रविवार मोजला जातो आणि कोणाचा पावसाळा वगळला जातो, हे त्या कवितेने घालून दिलेल्या प्रश्नाचेच पुढचे रूप आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यात सुमारे एकोणसत्तर टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, तेथे 'आपण सर्वांनी' हा कर्ता वापरताना निदान थबकायला हवे.

याचा अर्थ चित्रमालिकेविषयीची माया खोटी आहे असा नाही. शहादा वा तळोद्याच्या घरात रविवारी सकाळी जे सुख मिळाले ते खरेच होते, आणि त्याची आठवण काढणाऱ्यावर कोणताही दोष येत नाही. प्रश्न समीक्षेच्या परिभाषेचा आहे. दोन निरनिराळ्या मानवी अवस्थांना एकच नाव दिले की त्यांतील बोलकी अवस्था मुक्या अवस्थेची जागा घेते. म्हणून 'स्मरणरंजन' हा शब्द गेलेल्या काळाच्या आस्वादासाठी ठेवावा आणि 'गतकातरता' हा हिरावलेल्या स्थळाच्या वेदनेसाठी. मराठीत ही सोय आयती आहे; इंग्रजीला तेवढ्यासाठी विशेषणे जोडावी लागतात. १९९० च्या दशकातील बालपणाचा वाङ्मयीन इतिहास लिहिला जाईल तेव्हा त्यात मोगलीचे प्रकरण असेलच. मणिबेलीच्या पावसाळ्याचे प्रकरणही त्याच ग्रंथात, त्याच वर्षाखाली आणि त्याच डोंगराच्या नावाने असायला हवे.